बंगल्याचा ठेकेदार घेऊन अपार्टमेंट बांधताय? आधी एवढं बघून घ्या

मागच्या काही वर्षांत एकच प्रश्न घेऊन येणारे खूप जण भेटले. वडिलांचा जुना बंगला आहे, आम्ही तिघं भावंडं, तो पाडून खाली पार्किंग आणि वर चार मजले काढायचे, प्रत्येकाला एकेक फ्लॅट आणि बाकीचे विकायचे, आणि ठेकेदार तोच ज्याने मामांचा बंगला छान बांधून दिला. मी साईट सुपरवायझर आहे, बंगलेही केलेत आणि अपार्टमेंटही, त्यामुळे आधीच सांगतो की सिमेंट, सळई, खडी सगळं तेच असलं तरी हे काम वेगळं आहे. बंगल्यात वरती-खालती आपलीच माणसं असतात आणि चूक झाली तरी एकदाच होते. अपार्टमेंटमध्ये खालच्या मजल्यावर चुकलेली गोष्ट वरच्या प्रत्येक मजल्यावर तशीच चढत जाते, आणि तिचा त्रास ज्याला होतो तो दुसऱ्याच घरचा असतो.

सुरुवात वजनापासून करा. १० बाय १० फुटांच्या खोलीवरचा ५ इंची स्लॅब एकटाच जवळपास ३ टन भरतो, आणि १० फूट लांब, १० फूट उंच अशी नऊ इंची विटेची एक भिंत ४ टनांच्या आसपास जाते. आता हे चार मजल्यांनी गुणा म्हणजे खालच्या कॉलमवर आणि फूटिंगवर, म्हणजे कॉलमच्या पायावर, काय येतं ते लक्षात येईल. बंगल्याला बऱ्याचदा शेजारच्या प्लॉटला पाच-सहा फुटांवर मुरूम लागला म्हणून इथेही लागेल असं धरून खोदाई होते आणि तिथे ते बहुतेक वेळा निभावूनही जातं, पण अपार्टमेंटला असं धरून चालू नका, बोअर मारून मातीची टेस्ट करा आणि तो रिपोर्ट हातात आल्यावरच स्ट्रक्चरल डिझायनरला फूटिंग ठरवू द्या. काळी माती असेल तर विशेषच, कारण ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, आणि एका कॉलमखाली पक्का मुरूम तर दुसऱ्याखाली भराव असं निघालं तर बिल्डिंग एका बाजूने बसायला लागते. अशा जागी सुटी फूटिंग सोडून राफ्ट (सगळ्या बिल्डिंगखाली एकच सलग स्लॅब) किंवा पाईल (खोलवर नेलेले काँक्रीटचे खांब) घ्यायला लागू शकतं, आणि तो खर्च बजेटमध्ये आधीच धरलेला बरा.

बंगला न पाडता त्याच्यावरच दोन मजले चढवू असंही कोणी सुचवतं. ज्याचं फूटिंग एका मजल्याच्या हिशोबाने घातलंय त्याच्यावर तुम्ही ते करू नका, निदान जुनं डिझाईन काढून, काँक्रीटचे कोअर (तपासणीसाठी कापलेले नळकांडीसारखे नमुने) काढून, फूटिंग उघडं करून तपासल्याशिवाय तर अजिबात नाही. आणि बंगला लोडबेअरिंग असेल, म्हणजे कॉलम नाहीत आणि भिंतीच वजन घेतायत, तर तो विषयच बंद करा.

आता पार्किंग. माझ्या मते बंगला आणि अपार्टमेंट यातला सगळ्यात मोठा फरक हाच आहे आणि सगळ्यात कमी लोक याच्याबद्दल विचारतात. बंगल्यात तळमजल्यालाही भिंती असतात, त्यामुळे खालपासून वरपर्यंत ताठपणा साधारण सारखा राहतो. अपार्टमेंटला वर सगळीकडे भिंती आणि खाली फक्त उघडे कॉलम, म्हणजे भूकंपात वरचा भाग एका ठोकळ्यासारखा हलतो आणि सगळा मार त्या पार्किंगच्या कॉलमवर येतो. २६ जानेवारी २००१ ला भूजचा भूकंप झाला तेव्हा अहमदाबाद केंद्रापासून २०० किलोमीटरहून लांब होतं, तरी तिथे खाली पार्किंग असलेल्या अनेक बिल्डिंगी कोसळल्या. आपल्याकडे कोयना आणि किल्लारीचा अनुभव असलेल्या माणसांना हे वेगळं समजवायला नको.

म्हणून डिझायनरला सरळ विचारा की पार्किंगचा मजला सॉफ्ट स्टोरी, म्हणजे वरच्यापेक्षा कमी ताठ मजला, म्हणून तपासलाय का. लिफ्टच्या भिंती आरसीसीत (सळई घातलेल्या काँक्रीटमध्ये) घ्या, शक्य तिथे पार्किंगमध्येही आरसीसीच्या भिंती द्या, आणि गाडी वळत नाही म्हणून कॉलम बारीक करा असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. मग सळई बांधून झाली की टेप घेऊन स्वतः उतरा. रिंगांचे, म्हणजे उभ्या सळयांभोवती बांधलेल्या आडव्या कड्यांचे, हूक १३५ अंशात आत वळलेले पाहिजेत, नुसते काटकोनात नाही. कॉलमच्या वरच्या आणि खालच्या टोकाला रिंगांमधलं अंतर ४ इंचापेक्षा जास्त नको, बीम-कॉलमच्या जॉईंटच्या आतही रिंगा पाहिजेत (फिटर लोकांना तिथे हात घालायला अवघड जातं म्हणून त्या हमखास सुटतात), आणि सगळ्या सळयांचे लॅप (एकावर एक घेऊन केलेले जोड) एकाच ठिकाणी नकोत. कव्हर, म्हणजे सळईबाहेरचा काँक्रीटचा थर, कॉलमला ४० मिमी, फूटिंगला ५०. कव्हर ब्लॉकच्या जागी खडीचा तुकडा दिसला तर काम थांबवा.

काँक्रीटचं सांगायचं तर बंगल्याला साईटवर मिक्सर लावून घमेल्याने मोजून माल होतो आणि मिस्त्रीला जड वाटला की पाणी वाढवतो. अपार्टमेंटला काँक्रीटची ग्रेड, म्हणजे ताकद, किमान एम २५ धरा, बिल्डिंग समुद्राजवळ असेल तर एम ३०, आणि जमेल तर आरएमसी, म्हणजे प्लँटमधून तयार येणारं काँक्रीटच मागवा. पण आरएमसी आली म्हणजे झालं असं नाही, चलनावर ग्रेड आणि गाडी भरल्याची वेळ बघा, दोन तासांच्या आत ती खाली झाली पाहिजे आणि ट्रॅफिकमध्ये अडकून घट्ट झाली म्हणून ड्रममध्ये पाणी मारू देऊ नका. क्यूब (ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे) भरून घ्या, ७ आणि २८ दिवसांचे रिपोर्ट फाईलला लावा. सेंट्रिंग काढायची घाई तर सगळ्यांनाच असते कारण प्लेटा वरच्या मजल्याला पाहिजे असतात, तरी साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवस, त्याहून मोठ्याचे १४ दिवस, सहा मीटरपर्यंतच्या बीमचे १४ आणि त्याच्यापुढे २१ दिवस हलवायचे नाहीत. बंगल्यात स्लॅबवर आळी करून घरचंच माणूस सकाळ-संध्याकाळ पाणी बघतं, इथे ती जबाबदारी कुणाची ते नाव घेऊन ठरवा, आणि कॉलमला गोणपाट गुंडाळायला विसरू नका.

भिंतींना एएसी ब्लॉक, म्हणजे हलके सच्छिद्र काँक्रीटचे ब्लॉक, घ्या. वर सांगितलेली ४ टनांची भिंत ६ इंची ब्लॉकमध्ये एक टनाच्या आसपास येते, चार मजल्यांना हा फरक फार मोठा पडतो.

टॉयलेट-बाथरूमपाशी मात्र थोडं थांबा, कारण नंतरची सगळी भांडणं इथूनच निघतात. बंगल्यात खालचं बाथरूम जमिनीवर असतं, गळलं तरी मातीत जातं. अपार्टमेंटमध्ये तुमची नानी ट्रॅप (फरशीतल्या जाळीखालचा पाणी जायचा भाग) खालच्याच्या छतात असते. त्यामुळे सगळ्या मजल्यांची टॉयलेट एकाखाली एक पाहिजेत, मधेच एका भावाला किचन तिकडे हवंय म्हणून सरकवायचं नाही, आणि पाईपांची डक्ट एवढी रुंद ठेवा की प्लंबर आत उभा राहून पाईप बदलू शकेल. आम्ही एका साईटवर दिवाळीच्या पझेशनच्या घाईत दोन बाथरूमची पाण्याची टेस्ट न करताच टाईल्स लावल्या, आणि पुढच्या पावसाळ्याच्या आत दोन्ही फोडायला लागली, तीही खालच्या घरात लहान बाळ असताना. त्या बाईंचा चेहरा मला अजून आठवतो. तेव्हापासून वॉटरप्रूफिंग झालं की ७२ तास पाणी भरून ठेवायचं, खालून छत बघायचं, फोटो काढायचा, मगच टाईल.

पहिला मजला पूर्ण करा, एक फ्लॅट टाईल्ससकट सँपल म्हणून तयार करा, सगळ्या भावंडांना फिरवा, आणि जे बदल असतील ते तिथेच संपवा. बंगल्यात खिडकी सरकवणं म्हणजे एक दुपार जाते, इथे चार मजल्यांचं सगळं बदलतं. प्रत्येक मजल्याची आखणी मात्र खालच्या मूळ लाईनवरून ओळंब्याने घ्या, नुसती आधीच्या मजल्यावरून नको, नाहीतर अर्धा-अर्धा इंच करत वर पोचेपर्यंत कॉलम सरकलेला असतो.

कागदपत्रांत, बांधकाम परवानगी, जोत्याची तपासणी आणि भोगवटा प्रमाणपत्र दोन्हीकडे आहे. अपार्टमेंटला लिफ्टची परवानगी वेगळी, उंचीप्रमाणे फायरची अट वेगळी, आणि फ्लॅट विकणार असाल तर महारेरा, म्हणजे राज्याच्या बांधकाम प्रकल्पांच्या प्राधिकरणाकडची नोंदणी, बघावं लागतं. प्लॉट ५०० चौरस मीटरच्या वर आहे का आणि फ्लॅट ८ पेक्षा जास्त आहेत का, यावर नोंदणीचं ठरतं, तेव्हा हे दोन आकडे घेऊन वकिलाकडे जा. नोंदणी झाली की घेणाऱ्यांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, आणि ताबा दिल्यापासून ५ वर्षं बांधकामातले दोष दुरुस्त करून द्यायची जबाबदारी तुमची, ठेकेदार फोन उचलो न उचलो.

म्हणून ठेकेदाराचा शेवटचा हप्ता देण्याआधी त्याच्याकडून माती टेस्ट, क्यूबचे रिपोर्ट, प्रत्यक्ष बांधलं तसे आरसीसीचे ड्रॉईंग, आणि प्रत्येक मजल्याच्या पाईप-वायरिंगचे टाईल लावायच्या आधीचे फोटो असं सगळं मागून घ्या, दोन कॉप्या करा, आणि एक सोसायटी होईल तेव्हा तिला द्या.