वारशाचे पैसे खर्च झाले, तरी युनिव्हर्सल क्रेडिट थांबलं होतं (माझा अनुभव)

इंग्लंडमध्ये राहतो. युनिव्हर्सल क्रेडिट म्हणजे इथला कमी उत्पन्न असलेल्यांसाठीचा सरकारी भत्ता. वारशाच्या पैशातून क्रेडिट कार्डाचं कर्ज फेडलं, बंद पडलेला बॉयलर बदलला. शिल्लक १६,००० पौंडांच्या मर्यादेखाली आली (त्याहून जास्त बचत असेल तर हा भत्ता मिळत नाही), तरी ‘मुद्दाम पैसे उडवले’ असं धरून दावा नाकारला. फोनवरची विनवणी, नुसती बँक स्टेटमेंटं, सगळं वाया. फार मनस्ताप झाला.

उपयोग झाला तो असा. निर्णयाच्या तारखेपासून महिन्याच्या आत जर्नलमध्ये (भत्त्याच्या ऑनलाइन खात्यातली संदेशांची जागा) ‘मॅन्डेटरी रिकन्सिडरेशन’, म्हणजे निर्णयाचा फेरविचार, मागितला. मग स्टेटमेंटमधल्या प्रत्येक मोठ्या रकमेसमोर कारण लिहून पावती जोडली. कार्डाची बाकी शून्य दाखवणारं पत्र सगळ्यात वर. शेवटी युनिव्हर्सल क्रेडिटच्या २०१३च्या नियमावलीतला नियम ५० नमूद केला: कर्जफेड आणि परिस्थितीनुसार वाजवी खरेदी ‘मुद्दाम पैसे उडवणं’ यातून वगळलेली आहे. निर्णय फिरला, थकबाकीही मिळाली. भेट म्हणून दिलेल्या पैशाला मात्र ही सूट नाही.