घरच्या फोटोंना फ्रेम करून घेताना: पट्टी शेवटी निवडा

फ्रेमवाल्याच्या दुकानात समोर भिंतभर पट्ट्यांचे कोपरे लटकलेले असतात आणि आपण सोनेरी घेऊ की काळी ह्यातच अडकतो. पट्टी सगळ्यात शेवटी बघा. आधी दोनच गोष्टी ठरवा, फोटो ओरिजिनल आहे की कॉपी, आणि तो कुठल्या भिंतीवर लागणार आहे.

ओरिजिनल म्हणजे आजोबांचा स्टुडिओतला ब्लॅक अँड व्हाइट, किंवा आईबाबांच्या लग्नातला, ज्याची निगेटिव्ह आता कुणाकडेच नाही. असा फोटो आधी ६०० डीपीआयला (म्हणजे एका इंचात ६०० ठिपके) स्कॅन करून घ्या. मी तर म्हणेन भिंतीवर कॉपीच लावा आणि ओरिजिनल कोरड्या जागी, अंधारात जपून ठेवा, कारण १९७०-८० च्या काळातले कलर फोटो नुसते अल्बममध्ये राहूनसुद्धा लालसर पडलेत, रोजच्या उन्हात त्यांचं काय होईल विचार करा.

तरी ओरिजिनलच लावायचा असेल तर एक गोष्ट अजिबात सोडायची नाही, फोटो काचेला टेकता कामा नये! फोटोच्या वरच्या थरात जिलेटिन असतं, पावसाळ्यात ते ओल ओढून घेतं, मऊ होतं आणि काचेला चिकटून बसतं, आणि मग ओढून काढायला गेलं की चेहऱ्यासकट थर काचेवर राहतो. कुणाच्या घरी असा चिकटलेला फोटो असेल तर प्लीज तो ओढू नका, काचेसकटच स्कॅन करा.

ह्याच्यावर उपाय म्हणजे माउंट, फोटोभोवती खिडकीसारखा कापलेला जाड बोर्ड असतो ना तो. तो दिसायला छान दिसतोच पण त्याचं खरं काम काच आणि फोटोमध्ये अंतर ठेवायचं आहे. ॲसिड-फ्री बोर्डच मागा, कारण साध्या बोर्डाची कापलेली कड काही वर्षांत तपकिरी होते आणि तो डाग फोटोवरही उतरतो. मागे जो तपकिरी हार्डबोर्ड लावतात त्याचंही तेच, त्याच्या आणि फोटोच्या मध्ये ॲसिड-फ्री कागद घालायला सांगा. आणि गोंद, सेलोटेप, डबल टेप काहीही नको, कागदी फोटो कॉर्नरमध्ये (कोपरे खोचायचे छोटे खिसे) फोटो अडकवायचा म्हणजे उद्या बाहेर काढता येतो. दुकानात घाई असते, 'चिकटवून देतो, पक्कं बसेल' म्हणतात, तिथे ठामपणे नाही म्हणा.

कॉपी असेल तर मात्र मोकळे आहात. एमडीएफवर (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) चिकटवून मॅट लॅमिनेशन केलेला फोटो स्वस्त पडतो, काच नसल्याने चमकत नाही, मुलांच्या खोलीत एकदम बेस्ट, फक्त बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर नको, एमडीएफ ओलीने फुगतं. कॅनव्हास निसर्गाच्या मोठ्या फोटोला शोभतो, छोट्या ग्रुप फोटोत चेहऱ्यांची बारीक डिटेल कापडाच्या विणीत हरवते. ॲक्रिलिकमध्ये, म्हणजे काचेसारख्या पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये, रंग खुलतात पण ओरखडे लगेच पडतात, आणि अमोनियावालं काच पुसायचं लिक्विड त्याला लावायचं नाही, तडे जातात.

काच साधी २ मिमीची पुरते. नॉन-रिफ्लेक्टिव्ह म्हणून जी खरबरीत काच मिळते ती माउंटसोबत घेऊ नका, काच आणि फोटोत अंतर पडलं की फोटो धुरकट दिसतो.

साइज ठरवताना फोटोचं प्रमाण बघा. मोबाइलचे फोटो बहुतेक ४:३ असतात, ते ६ x ८ किंवा ९ x १२ इंचात न कापता बसतात, डीएसएलआर कॅमेऱ्याचे ३:२, ते ८ x १२ किंवा १२ x १८ मध्ये. हे न बघता ८ x १० सांगितलं तर कडेला उभ्या असलेल्या काकूंचा खांदा गेलाच समजा. ८ x १२ ला दोन-अडीच इंचाचा माउंट चांगला दिसतो.

आता पट्टी! भाव फुटावर असतो. सागवानी सुंदरच, पण जिथे वाळवीचा त्रास आहे तिथे फायबरची घ्या. जुन्या ब्लॅक अँड व्हाइटला ऑफ-व्हाइट माउंट आणि बारीक काळी किंवा सागवानी पट्टी, नक्षीची सोनेरी नको, नजर चेहऱ्यावर जायला पाहिजे.

मुंबई-कोकणात पावसाचा मारा खाणारी बाहेरची भिंत टाळा, आतली भिंत निवडा. जुन्या घरांत फोटो पुढे झुकवून टांगायचे त्यामुळे मागे हवा खेळायची, आता आपण सपाट लावतो तर खालच्या दोन कोपऱ्यांना रबरी बटणं चिकटवून घ्या, तेवढ्या फटीनेही बुरशी कमी होते.

देवाज्ञा झालेल्या माणसांच्या फोटोला आपण हार घालतो. ओल्या फुलांचं पाणी पट्टीच्या फटीतून आत उतरतं, म्हणून हारासाठी फ्रेमच्या दोन्ही बाजूंना वेगळे खिळे ठोका आणि हार काचेपासून जरा सुटा राहील असं बघा, नाहीतर चंदनाचा हार घाला. काच पुसतानाही पाणी फडक्यावर घ्यायचं, काचेवर फवारायचं नाही.