घरच्या घरी वेगवेगळ्या डिझाईनच्या स्पीकरची तुलना कशी करायची

दोन स्पीकर शेजारी ठेवायचे, आवडतं गाणं लावायचं, वायर बदलून परत तेच गाणं लावायचं आणि "हा भारी आहे" म्हणून मोकळं व्हायचं, बहुतेक जण तुलना अशीच करतात आणि मीपण बरेच दिवस अशीच केली. माझ्याकडे बंद पेटीचा जुना जोड होता, त्यात पोर्टवाला नवीन आला, आणि दोन आठवडे मी भेटेल त्याला सांगत होतो की नव्यात गाणं जास्त जिवंत वाटतं. मग एकदा मोजून बघितलं तर अॅम्पची नॉब त्याच जागी असताना नवा जोड 3 डेसिबल मोठा वाजत होता. आवाज सारखा केला आणि त्या जिवंतपणातला अर्ध्याहून जास्त भाग तिथेच गेला. जो उरला तो डिझाईनचा खरा फरक, आणि तोच ऐकायचा असतो.

आधी कोण काय करतो ते थोडक्यात. बंद म्हणजे सील्ड पेटीत आतली हवाच वूफरला (बेस वाजवणाऱ्या मोठ्या कोनाला) स्प्रिंगसारखी धरून ठेवते (एडगर विलचर यांचा 1954 चा एआर-1 याच तत्त्वावर होता), आणि खाली जाताना बेस दर ऑक्टेव्हला (म्हणजे फ्रिक्वेन्सी निम्मी होईल तेव्हा) 12 डेसिबल असा सावकाश उतरतो. पोर्टवाल्यात, म्हणजे बेस रिफ्लेक्समध्ये, नळीतली हवा एका ठरावीक फ्रिक्वेन्सीला घुमते, रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर घुमते ना तशीच, त्यामुळे तेवढ्याच पेटीतून बेस अजून खाली जातो पण त्याच्याखाली एकदम 24 डेसिबलने कोसळतो. ओपन बॅफलला पेटीच नसते, पुढून जेवढा आवाज तेवढाच मागून, फक्त उलट्या फेजमध्ये (पुढे हवा दाबली जाते तेव्हा मागे ओढली जाते), म्हणून बाजूला आवाज जवळपास मरतो. इलेक्ट्रोस्टॅटिकमध्ये वूफर आणि ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा छोटा) यांच्याऐवजी एक पातळ फिल्म हलते, क्वाडचा 1957 चा मॉडेल यातला सगळ्यात नावाजलेला. आणि हॉर्न, म्हणजे भोंग्यातून आवाज सोडणारा, थोड्या वॅटमध्ये खूप मोठा वाजतो.

पायरी 1: जागा ठरवा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण खालच्या बेसमध्ये आपण स्पीकरपेक्षा खोली जास्त ऐकत असतो. 4 मीटर लांबीच्या खोलीत साधारण 43 हर्ट्झला आवाज फुगतो, 5 मीटरच्या खोलीत 34 ला (हिशोब सोपा आहे, 343 ला लांबीच्या दुपटीने भागायचं), आणि कुठे बसलोय त्यावर तो फुगवटा ऐकू येतो किंवा गायबच होतो. शिवाय मागच्या भिंतीवरून परत आलेला आवाज पुढच्या आवाजाला एका ठिकाणी खाऊन टाकतो, वूफर भिंतीपासून 1 मीटरवर असेल तर साधारण 86 हर्ट्झला. म्हणजे एक स्पीकर भिंतीला चिकटून आणि दुसरा मीटरभर पुढे ठेवून तुलना केली तर ती भिंतीची तुलना झाली.

म्हणून जमिनीवर चिकटपट्टी लावून एक जागा पक्की करा, तुमची खुर्चीही हलवू नका, आणि दोन्ही स्पीकरचे ट्वीटर कानाच्या उंचीला आणा. ओपन बॅफलला मात्र मागे मीटरभर जागा पाहिजेच, तेव्हा तो तुलनेत असेल तर सगळ्यांनाच तेवढं पुढे घ्या.

पायरी 2: एकच स्पीकर, मोनोमध्ये

लोकांना हे पटत नाही पण करून बघा. स्टिरिओत दोन स्पीकर मिळून इतका छान पसारा उभा करतात की टोनमधले दोष त्यात झाकले जातात. स्पीकर ऐकण्यावर फ्लॉइड टूल यांनी आयुष्यभर काम केलंय आणि त्यांचंही म्हणणं हेच की मोनोत माणसाचा कान जास्त नेमका निवडतो. प्रत्येक जोडीतला एक-एक घ्या, अ डाव्या चॅनलला, ब उजव्या चॅनलला, अॅम्प बंद ठेवूनच वायर लावा आणि लाल-काळं नीट बघा. दोन्ही चॅनलला सारखंच मोनो गाणं दिलं की अॅम्पचा बॅलन्स पूर्ण डावीकडे म्हणजे अ, पूर्ण उजवीकडे म्हणजे ब. दोन्ही स्पीकर एकाच चॅनलला एकत्र जोडण्याचा शॉर्टकट करू नका, 4 ओहमचे दोन मिळून 2 ओहम होतात आणि अॅम्पवर लोड येतो.

हा अदलाबदलीचा वेग महत्त्वाचा आहे. टोनमधल्या बारीक फरकाची आठवण काही सेकंदच टिकते, वायर काढून लावेपर्यंत ती गेलेली असते आणि मग आपण मनाने भरतो.

पायरी 3: आवाज सारखा करा

पिंक नॉईजची, म्हणजे सगळ्या फ्रिक्वेन्सी मिसळलेल्या सरसर आवाजाची, फाईल लावा (ऑडॅसिटी या फुकट सॉफ्टवेअरमध्ये बनवता येते), फोनवर साऊंड मीटरचं अॅप घ्या, फोन कानाच्या जागी कशावर तरी ठेवा, हातात धरू नका. अॅपचा आकडा खरा डेसिबल असेलच असं नाही पण आपल्याला दोघांमधला फरकच हवाय. शक्य असेल तर नॉईज 500 ते 2000 हर्ट्झपुरतीच ठेवा, नाहीतर ज्याचा बेस जास्त त्याचा आकडा उगाच वर जातो. समजा ब 3 डेसिबल मोठा आला, तर ऑडॅसिटीत त्या बाजूचा चॅनल 3 डेसिबल खाली करून तीच फाईल ऐकायला वापरा. अर्ध्या डेसिबलच्या आत आणायचा प्रयत्न करा. एवढासा फरक "मोठा" म्हणून कळत नाही, "स्वच्छ" किंवा "जास्त बेसवाला" म्हणून कळतो, गोम तिथेच आहे.

पायरी 4: काय लावायचं आणि काय ऐकायचं

आधी पिंक नॉईजच 20-20 सेकंद आलटून पालटून ऐका. कंटाळवाणं आहे पण रंग लगेच उघडा पडतो: एकात ती धबधब्यासारखी सरसर वाटेल, दुसऱ्यात नाकातून किंवा ओंजळीतून आल्यासारखी. हॉर्नमध्ये हा ओंजळीतला आवाज मुद्दाम शोधा, चांगल्या हॉर्नमध्ये तो नसतो.

मग ओळखीचा आवाज. घरातल्या कोणालातरी मोकळ्यावर उभं करून एक मिनिट बोलायला लावा आणि फोनवर रेकॉर्ड करा. त्या माणसाचा आवाज तुम्हाला झोपेतही ओळखता येतो, त्यामुळे छातीतला घुमारा वाढलाय का, "स" टोचतोय का हे लगेच कळतं.

बेससाठी डबल बास एकटा वाजतोय असं काहीतरी घ्या, ज्यात एकेक सूर पायऱ्या उतरल्यासारखा खाली जातो. सगळे सूर सारख्या वजनाचे येतायत का एखादाच फुगतोय, आणि बोट उचलल्यावर सूर थांबतो का मागे रेंगाळतो, तेवढं बघा. पोर्टवाल्याचा पोर्ट पुढे असेल तर मोठ्या आवाजात तिथे हात धरा, वारा लागतो, आणि फसफस ऐकू येते का तेही कळतं. आता एक जाडसर पायमोजा गुंडाळून त्या पोर्टमध्ये घट्ट बसवा आणि तोच सूर परत लावा. स्पीकर तोच, जागा तीच, अॅम्प तोच, आणि बंद पेटीच्या बऱ्याच जवळ जाणारा बेस तुमच्यासमोर: कमी, पण लवकर थांबणारा. डिझाईनचा फरक एवढ्या शुद्धपणे दुसरीकडे कुठे ऐकायला मिळत नाही, मी पहिल्यांदा केलं तेव्हा तासभर मोजा आत-बाहेर करत बसलो होतो.

इलेक्ट्रोस्टॅटिक असेल तर खुर्चीतच डोकं दोन्हीकडे हलवून बघा, फिल्म सपाट आणि मोठी असेल तर वरचा ट्रेबल थोडंसं सरकलं तरी कमी होतो. मग उभे राहा, परत बसा.

पायरी 5: न बघता

स्पीकरसमोर पातळ कापडाचा पडदा लावा (त्यातून फुंकर आरपार गेली पाहिजे), अदलाबदल दुसऱ्या कोणाला तरी करू द्या आणि क्रम नाणं उडवून ठरवा. टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी 1994 मध्ये दाखवलं होतं की स्पीकर दिसत असताना आणि नसताना लोकांची पसंती बदलते, आणि त्यात सराव असलेले ऐकणारेपण होते. दोन स्पीकरमधला फरक बहुतेक वेळा कळतोच, त्यामुळे "ओळखा कुठला" हा खेळ नको, प्रत्येक वेळी पहिला आवडला का दुसरा आणि का, एवढंच कागदावर लिहा. दहा वेळा.

पायरी 6: जागा बदलून परत

अ च्या जागी ब, ब च्या जागी अ, आणि परत सगळं. पसंती स्पीकरबरोबर सरकली तर ती स्पीकरची, जागेवरच राहिली तर खोलीची, आणि मग पैसे खर्च करण्याऐवजी आधी फर्निचर हलवून बघा.

एवढं झालं की पूर्ण जोड त्याच्या त्याच्या सगळ्यात चांगल्या जागी लावून आठवडाभर स्टिरिओत ऐका. ओपन बॅफलचा पसारा आणि खोलपणा किंवा हॉर्नचा मोठ्या आवाजातला सहजपणा मोनोच्या टेस्टमध्ये पूर्ण दिसत नाही, तो इथे कळेल. कागद मात्र तोच जवळ ठेवा आणि आठवड्याने त्यावर परत लिहा, आधीचं न वाचता.