सात कोरा ठेवा, बारा भरा

मी ३१ मेला तलाठी म्हणून निवृत्त झालो, कारण कागदावर माझा जन्म १ जूनचा. खरी तारीख आईलाही ठाऊक नव्हती. "आगोटीच्या तोंडार झालस," म्हणजे पावसाळा लागायच्या सुमारास, एवढंच ती सांगायची. १ जून गुरुजींनी शाळेत नाव घालताना ठोकून दिली. माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांचा वाढदिवस असा गुरुजींच्या कृपेने एकाच दिवशी येतो.

आठवड्याभराने आमच्या कोकणातल्या आचरा गावच्या तिठ्यावर चहा पीत होतो. हाक आली, "भाऊसाहेबांनू, येवा, बसा!" मी हसत वळलो. नवा तलाठी मोटारसायकल लावत होता, हाक त्याला होती. हॉटेलवाला ओशाळला, मी त्याच्याहून जास्त. चौतीस वर्षं ज्या हाकेला ओ दिली ती खुर्चीची होती. (आता तर तलाठ्याचं पदनामही बदलून ग्राम महसूल अधिकारी झालंय.)

ही खुर्चीची ओळख उतरवायला त्यानंतर जे करून पाहिलं ते सांगतो.

पहिलं काम कागदाचं, मला तेच येतं. सातबारा म्हणजे दोन नमुने. गाव नमुना ७ मध्ये जमीन कोणाची, इतर हक्कात कोण, बोजा किती. गाव नमुना १२ ही पिकांची नोंदवही, त्या वर्षी तिथे प्रत्यक्ष काय पिकलं ते. लोक सातासाठी यायचे, त्यातल्या एका नावावरून सख्ख्या भावांची डोकी फुटायची. बाराकडे फारसं कोणी बघत नसे. स्वतःच्या बाबतीत आपलं असंच होतं. तर एक वही करा आणि रोज रात्री तिच्यात फक्त बारा लिहा. हुद्दा, शिक्षण, अमक्याचा बाप, तमक्याचा जावई यातलं काही नको. आज हातून काय झालं आणि कशात वेळ गेलेला कळला नाही, बस. माझ्या सुरुवातीच्या नोंदी अशा: 'माडांच्या मुळात मीठ घातलं.' 'शेजारच्या पोराला त्रैराशिक शिकवलं.' 'पड.' पड लिहायला लाजू नका. पेरलं नाही म्हणून जमीन नाहीशी होत नाही. पोटखराबाही दाखवा. माझा संताप हा माझा पोटखराबा, तिथे आजवर काही उगवलं नाही. कोकणात कातळाशिवाय जमीन कुठे असते?

तीन महिन्यांनी वही सलग वाचली. 'अर्ज समजावून सांगितला', 'हिशेब उलगडून दिला' अशा नोंदी अकरा निघाल्या. मला वाटायचं, मला साहेबपणाची चटक होती. होतीच. पण तिच्याखाली हे समजावून सांगण्याचं वेड होतं, आणि ते कुणी चार्ज घेताना मागून नेलं नव्हतं.

दुसरं, तीन दिवस वेशीबाहेर पडा. आमच्याकडे हे देवच करायला लावतो. दर काही वर्षांनी रामेश्वराचा कौल मिळाला की सगळं आचरा गाव गुरं, कुत्री, कोंबड्यांसकट वेशीबाहेर जातं आणि तीन दिवस, तीन रात्री झोपड्यांत राहतं. गावपळण म्हणतात. शेजारच्या चिंदर-वायंगणीतही ही रीत आहे. मागच्या खेपेला माझ्या झोपडीशेजारी जो होता त्याच्याशी मी कामाव्यतिरिक्त कधी बोललो नव्हतो. त्याने मीठ मागितलं, मी काड्यापेटी मागितली. झोपडीला पाटी नसते. तिथेच हिच्या एका मावसबहिणीने हिला माहेरच्या नावाने हाक मारली. ही इतक्या चटकन वळली की मी बघतच राहिलो. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव मीच लिहिलं होतं. सातबारावर नाव बदलण्याची नोंद म्हणजे फेरफार, तसा तोही एक फेरफारच. त्याला पंधरा दिवसांची हरकतीची नोटीस मात्र कोणी काढली नव्हती.

तुमच्या गावात गावपळण नसेल तर जिथे ओळख नाही अशा ठिकाणी तीन दिवस जा. कोणी विचारलंच, "काय करता?", तर त्या दिवसाचं बारा सांगा: "सध्या माडांना पाणी घालतो." पहिल्या दिवशी जीभ वळवळते. माझी तर "पूर्वी मी…" पर्यंत पोचायची.

तिसरं काम असं निवडा ज्यात तुम्ही सगळ्यात कच्चे असाल. मी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं, ओढायला गेलो. पाण्याने भिजलेला तो दोर हातात धरल्यावर चौतीस वर्षांचा अनुभव काही कामी येत नाही. माझी पकड सुटली तसा मागचा म्हातारा ओरडला, "मेल्या, दोरी सोडतस कित्याक!" आई गेल्यापासून मला कोणी मेल्या म्हटलं नव्हतं. ओढणाऱ्याला वाटा मिळतो म्हणून मलाही चार बांगडे मिळाले.

जातीचं आणि वाडीचं लेबल मात्र असं वहीने सुटत नाही. 'कोणाचो तू?' हा आमच्याकडचा पहिला प्रश्न. माझं लेबल मानाचं होतं, ते मी गंमत म्हणून उतरवू शकलो. ज्यांच्यावर ते लादलं गेलं त्यांना 'विसरा' म्हणणारा मी कोण?

घरचे हरकत घेतील, हे धरून चाला. फाटकावरची 'निवृत्त तलाठी' ही पाटी काढली तेव्हा मेहुणा दोन दिवस बोलला नाही. फेरफाराच्या नियमाने चाला: पंधरा दिवस वाद न घालता ऐकून घ्या, मग नोंद पक्की करा. तिठ्यावर अजून कोणी भाऊसाहेब म्हणतं, मी ओ देतो. हाक मारणाऱ्याला कशाला शिकवायचं?

आता हिनेही वही घातलीय. आतली पानं भरतायत, पण पहिल्या पानावर नावाची जागा कोरी आहे. विचारलं तर म्हणाली, "थांबा जरा. पंधरा दिवस झाले नाहीत अजून."