टोमॅटोचं बूड काळं पडत होतं

गच्चीवरच्या कुंड्यांत टोमॅटो भरपूर धरले, पण बूड काळं, चामड्यासारखं. कीड नव्हती, बुरशीही नव्हती. कॅल्शियम कमी पडत होतं. कुंड्यांत कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, न धुताच भरलं होतं. अशा कोकोपीटमध्ये सोडियम-पोटॅशियम बरंच असतं आणि दिलेलं कॅल्शियम ते आधी स्वतःच धरून ठेवतं.

कोकोपीटची नवी वीट (दाबून बनवलेला ठोकळा) भिजवून, निथळणारं पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतली. मग 10 लिटर पाण्यात साधारण 50 ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट विरघळवून रात्रभर त्यात ठेवली आणि पुन्हा धुतली. दोन भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत, एक भाग भाताचं तूस. तूस हवंच, मुळांना हवा मिळते.

पाणीही रोज ठरल्या वेळी. कुंडी सुकली की कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही. काळी फळं सुधरत नाहीत, ती तोडली. नंतरची स्वच्छ आली.