लिथियम बॅटरीला शंट कसा बसवावा: जोडणी तासाभराची, ‘शंभर टक्के’ मात्र शिकवावे लागतात

लिथियम बॅटरीत किती वीज शिल्लक आहे हे व्होल्टेजवरून सांगता येत नाही, आणि इन्व्हर्टरच्या पडद्यावरचे खणाखणांचे बॅटरीचे चित्र नेमके तेच करू पाहते. शिसे-आम्लाच्या बॅटरीचा व्होल्टेज वापराबरोबर उतरत जातो, त्यामुळे तिथे अंदाज तरी बांधता येतो. लिथियम आयर्न फॉस्फेटचा सेल मात्र सत्तर टक्क्यांवरून तीस टक्क्यांवर येताना व्होल्टचे जेमतेम पाच-सहा शतांश गमावतो, आणि तेवढा फरक विहिरीवरचा पंप सुरू झाल्यानेही पडतो. ‘व्होल्टेज बघून कळतेच की’ असे सांगणाऱ्यांचे ऐकून शंटचा खर्च वाचवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

शंट म्हणजे अत्यंत कमी आणि अत्यंत नेमका रोध असलेली धातूची पट्टी. घरगुती कामात सर्रास वापरला जाणारा ५०० अँपिअर, ५० मिलिव्होल्टचा शंट घेतला, तर त्याचा रोध ०.१ मिलिओहम भरतो. त्यातून ५० अँपिअर गेले की दोन टोकांमध्ये ५ मिलिव्होल्टचा फरक पडतो, आणि शंटला जोडलेला मॉनिटर तो फरक मोजून बॅटरीत किती अँपिअर-तास गेले आणि किती बाहेर आले याचा हिशेब ठेवतो. तो फक्त जमाखर्च लिहितो; तिजोरीत मुळात किती होते हे त्याला आपण सांगावे लागते. पुढची सगळी डोकेदुखी याच एका गोष्टीतून निघते.

उदाहरणासाठी माझ्याच घरची बॅटरी घेतो. गुहागर तालुक्यातल्या आमच्या घरी १६ सेलची, २८० अँपिअर-तासांची बॅटरी आहे, म्हणजे ५१.२ व्होल्ट आणि कागदावर १४.३ युनिट वीज. तुमची बॅटरी आठ सेलची, म्हणजे २४ व्होल्टची असेल, तर पुढचे व्होल्टेजचे आकडे निम्मे करावेत.

जोडणी

अंगठी-कडे काढून ठेवणे, पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळणे, सोलर पॅनेलचा, लाईनचा आणि बॅटरीचा ब्रेकर याच क्रमाने बंद करणे, हे लिथियमवर काम करणाऱ्याला सांगावे लागू नये. ज्याला सांगावे लागते त्याने हे काम वायरमनकडून करून घ्यावे.

शंट नेहमी निगेटिव्ह बाजूला बसतो. बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल आणि निगेटिव्ह बसबार (सगळ्या निगेटिव्ह तारा जिथे एकत्र येतात ती पट्टी) यांच्यामधली केबल सोडवावी, शंटचे ‘बॅटरी’ लिहिलेले टोक बॅटरीकडे करावे आणि ‘सिस्टिम’ किंवा ‘लोड’ लिहिलेले टोक बसबारकडे. सेल आणून स्वतः पॅक बांधला असेल, तर बीएमएसचा, म्हणजे सेलची राखण करून वेळ पडल्यास वीज तोडणाऱ्या सर्किटचा, बी मायनस सेलकडे आणि पी मायनस बाहेर जातो. शंट त्या पी मायनसच्या पुढे येतो, सेल आणि बीएमएस यांच्यामध्ये कधीही नाही. तयार पेटीतली बॅटरी असेल तर बीएमएस आतच असतो आणि बाहेरचे निगेटिव्ह टर्मिनल त्याच्या पुढचेच असते. दोन बॅटऱ्या समांतर असतील तर दोघींच्या निगेटिव्ह सारख्याच लांबीच्या केबलने आधी एकत्र आणाव्यात आणि तिथून पुढे एकच शंट लावावा.

शंट बसल्यानंतर बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर शंटकडे जाणाऱ्या केबलखेरीज एकही तार राहता कामा नये. इन्व्हर्टर, सोलर चार्ज कंट्रोलर, आवारातल्या डीसी दिव्यांची लाईन, अर्थिंगची तार, सगळे शंटच्या पलीकडे. मोठ्या केबलबाबत सहसा कोणी चुकत नाही. चूक होते ती बारक्या काळ्या तारेत. आमच्या वाडीतल्या एका घरी राउटर चालवणाऱ्या छोट्या कन्व्हर्टरची निगेटिव्ह थेट बॅटरीवर राहिली होती. तो कन्व्हर्टर ०.६ अँपिअर खात होता. दिवसाला हे १४ अँपिअर-तास होतात, म्हणजे २८० च्या बॅटरीचे पाच टक्के, आणि मॉनिटरच्या वहीत त्यातला एकही लिहिला जात नव्हता.

केबलचा लग, म्हणजे टोकाची धातूची कडी, थेट शंटच्या धातूवर बसला पाहिजे. वायसर लगच्या वर यावा, लग आणि शंट यांच्यामध्ये नव्हे. खाऱ्या हवेत तांब्याचा लग वर्षभरात काळवंडतो, म्हणून जोडण्यापूर्वी तो बारीक पॉलिश पेपरने घासावा. माझ्या शंटच्या पुस्तिकेत एम१० बोल्टसाठी २१ न्यूटन-मीटर ही कमाल मर्यादा दिली आहे. हाताच्या अंदाजाने जोर लावून बोल्ट पिरगाळण्यापेक्षा टॉर्क रेंच मागून आणावा. शेवटी मॉनिटरची बारीक लाल तार, तिच्यातल्या फ्यूजसह, बॅटरीच्या पॉझिटिव्हवर जोडावी. ती मुख्य ब्रेकरच्या अलीकडे, बॅटरीच्या बाजूलाच असावी, म्हणजे ब्रेकर पाडला तरी मॉनिटर जागा राहतो.

आता बॅटरीचा ब्रेकर चढवून, पॅनेल बंदच ठेवून गिझर किंवा मिक्सर लावावा. आकडा उणे आला पाहिजे. अधिक आला तर शंट उलटा बसला आहे. मिळत असेल तर क्लॅम्प मीटरने आकडा ताडून पाहावा, पण तो मीटर डीसी मोजणारा हवा, कारण वायरमनच्या पिशवीतला साधा क्लॅम्प फक्त एसी मोजतो. अर्धा तास लोड चालल्यावर लगला हात लावून पाहावा. १०० अँपिअरलाही शंटमध्ये फक्त एक वॉट उष्णता निर्माण होते, त्यामुळे लग चटका देत असेल तर दोष जोडाचा आहे.

शून्य करंटचे कॅलिब्रेशन हे बटण मॉनिटरमध्ये दिसेल. त्याला हात लावू नये. बहुतेक शंट कारखान्यातूनच शून्यावर लावून येतात. इन्व्हर्टर रिकामा चालू ठेवून हे बटण दाबले, तर त्याचा स्वतःचा एक अँपिअरचा खर्च कायमचा शून्य धरला जातो आणि रोजचे २४ अँपिअर-तास हिशेबातून गळतात. दाबायचेच असेल तर आधी शंटच्या सिस्टिम बाजूची केबल काढावी.

मॉनिटरला ‘पूर्ण’ म्हणजे काय हे शिकवणे

इथे मी एक अख्खा पावसाळा चुकलो, म्हणून इथे घाई करू देणार नाही.

जमाखर्चात रोज थोडी चूक साठतेच. ती पुसण्यासाठी बॅटरी खरोखर पूर्ण भरली की मॉनिटर आपला आकडा स्वतःहून १०० वर आणतो. बॅटरी भरली हे तो तीन अटींवरून ठरवतो: व्होल्टेज एका ठरावीक आकड्याच्या वर आहे, आत जाणारा करंट क्षमतेच्या ठरावीक टक्क्यांखाली उतरला आहे, आणि या दोन्ही गोष्टी ठरावीक मिनिटे टिकल्या आहेत. दुसऱ्या अटीतल्या करंटला टेल करंट म्हणतात. माझ्या मॉनिटरमध्ये मुळात ५२.८ व्होल्ट, ४ टक्के आणि ३ मिनिटे असे आकडे होते. मी ते तसेच राहू दिले, कारण जोडणी नीट झाली होती, उन्हाळाभर आकडे पटण्यासारखे येत होते आणि ‘डिफॉल्टला हात लावू नका’ असेच मला सांगण्यात आले होते.

५२.८ ला १६ ने भागावे. ३.३० व्होल्ट येतात. शिसे-आम्लाच्या बॅटरीसाठी ५२.८ ही भरल्याची खूण चालून जाते. लिथियमच्या सेलसाठी ३.३० हा पोटाच्या मध्यावरचा आकडा आहे. २८० चे ४ टक्के म्हणजे ११.२ अँपिअर. जुलैतल्या झडीच्या दिवशी आभाळ भरलेले असते, पॅनेलमधून घरचा खर्च भागून बॅटरीकडे जेमतेम आठ अँपिअर जातात आणि बॅटरीचा व्होल्टेज ५२.९ असतो. मॉनिटरच्या तिन्ही अटी पूर्ण होतात आणि तीन मिनिटांत तो १०० टक्के लिहून मोकळा होतो. बॅटरीत तेव्हा एक तृतीयांश वीज असते.

आमच्याकडे हेच झाले. लाईन तीन दिवस नव्हती, पाऊस थांबत नव्हता आणि मीटर रोज दुपारी १०० वर उडी मारत होता. मी त्याच्या भरवशावर फ्रीज, पंखे आणि पाण्याचा पंप बिनदिक्कत चालवले. तिसऱ्या रात्री अडीचच्या सुमारास पंख्याचा आवाज बंद झाला. झोपताना मीटरवर ६४ टक्के पाहिले होते. बॅटरीच्या खोलीत गेलो तेव्हा बीएमएसने डिस्चार्ज तोडला होता आणि त्याच्यामागोमाग मॉनिटरही विझला होता. सकाळी उजाडल्यावर यंत्रणा जागी झाली, तेव्हा पूर्ण रिकाम्या बॅटरीवर मॉनिटरने पुन्हा १०० टक्के दाखवले, कारण वीज तुटून परत आली की बॅटरी भरलेली धरावी हे सेटिंगही चालूच होते. ते सेटिंग तुमच्या मॉनिटरमध्ये असेल तर आधी शोधून बंद करावे, किंवा ‘जुना आकडा कायम ठेवा’ असा पर्याय असेल तर तो निवडावा.

यावर टेल करंट कमी करा, ४ चा १ टक्का करा, असा सल्ला मला मिळाला आणि तो मी करून पाहिला. तो चुकीचा आहे. दाट ढग आले की आत जाणारा करंट एक टक्क्याखालीही जातो. शिवाय इन्व्हर्टर शेवटचा बारीक करंट देण्याआधीच फ्लोटवर, म्हणजे भरल्यानंतरच्या कमी व्होल्टेजवर, उतरत असेल, तर खरी भरलेली बॅटरीही मॉनिटरला कधीच भरलेली वाटत नाही. खोटे १०० तसेच राहतात आणि खरे १०० हुकतात.

उपाय व्होल्टेजच्या अटीत आहे, आणि त्यामागे लिथियमचा स्वभाव आहे. या बॅटरीत करंट थोडा असताना सेलचा व्होल्टेज ३.४५ च्या वर जाऊन टिकतो तो फक्त बॅटरी भरत आलेली असतानाच. अर्धी भरलेली बॅटरी आठ-दहा अँपिअरवर काही केल्या तिथे पोचत नाही. म्हणून ‘भरली’ या खुणेचा व्होल्टेज चार्जिंगच्या कमाल व्होल्टेजच्या किंचितच खाली ठेवावा. माझ्या इन्व्हर्टरमध्ये बल्कचा, म्हणजे कमाल चार्जिंगचा आकडा ५६.० आहे, सेलमागे ३.५०, मॉनिटरमध्ये मी ५५.६ ठेवला आहे. टेल करंट ४ टक्केच राहू दिला आणि वेळ ३ मिनिटेच.

मात्र ५५.६ हा आकडा माझ्याकडून उचलू नये. इन्व्हर्टर ज्याला ५६.० म्हणतो ते शंटला ५५.७ दिसू शकते, कारण दोघांचे मीटर वेगळे असतात. मॉनिटरमध्ये ५५.९ भरले आणि शंटला ५५.७ च्या वर काही दिसलेच नाही, तर महिनोन् महिने ‘भरली’ अशी एकदाही नोंद होत नाही. मला हे कळायला दोन आठवडे लागले. म्हणून स्वच्छ उन्हाच्या दिवशी बॅटरीजवळ बसावे, व्होल्टेज वर जाऊन स्थिरावला आणि करंट उतरू लागला की मॉनिटरवर दिसणारा व्होल्टेज लिहून घ्यावा, आणि त्यातून ०.२ ते ०.३ वजा करून जो आकडा येईल तो भरावा. त्याच बैठकीत करंट ४ टक्क्यांखाली येईपर्यंत इन्व्हर्टर त्या व्होल्टेजवर टिकतो का, हेही पाहावे. आधीच फ्लोटवर उतरत असेल तर ॲब्सॉर्प्शनची, म्हणजे कमाल व्होल्टेजवर टिकून राहण्याची, वेळ वाढवावी, आणि ती सोय नसेल तर टेल करंट ५ किंवा ६ टक्के करावा. व्होल्टेजची अट कडक असली की टेल करंट थोडा सैल चालतो.

उरलेली सेटिंग

प्यूकर्टचा घातांक (करंट मोठा असला की बॅटरीतून एकूण वीज किती कमी निघते ते सांगणारा आकडा) १.०५ आणि चार्जिंगची कार्यक्षमता ९९ टक्के ठेवावी; मूळचे आकडे शिसे-आम्लाचे असतात. प्यूकर्टने आपला नियम १८९७ मध्ये शिशाच्या बॅटऱ्यांसाठीच मांडला होता. किमान पातळीचा इशारा ५० टक्क्यांवर असेल तर २० वर आणावा. क्षमता कागदावरची न भरता मोजून भरावी: बॅटरी पूर्ण भरून, मग बीएमएस तोडेपर्यंत वापरून किती अँपिअर-तास निघाले ते हाच मॉनिटर सांगतो.

सगळे भरून झाल्यावर बॅटरी एकदा पूर्ण भरू द्यावी आणि आकडा आपोआप १०० वर जातो का ते पाहावे. गेला नाही तर हाताने १०० करण्याचे बटण दाबू नये. व्होल्टेजची अट पुन्हा तपासावी. पावसाळ्यात ऊन आठ-दहा दिवस मिळाले नाही तर लाईनवरून बॅटरी एकदा काठोकाठ भरून घ्यावी, कारण खरी नोंद होऊन जितके दिवस लोटले तितका आकड्यावरचा विश्वास कमी करावा लागतो. माझ्या मॉनिटरमध्ये शेवटच्या नोंदीला किती दिवस झाले हे इतिहासाच्या पानावर दिसते. जून ते सप्टेंबर मी टक्क्यांच्या आधी ते पान उघडतो.