स्थळाशी पहिला फोन

आधी मेसेज करून वेळ ठरवा; अचानक आलेला फोन माणूस ऑफिसात किंवा आईसमोर उचलतो आणि 'हो-नाही'वर उरकतो. स्थळ न्यूयॉर्कचं असेल तर उन्हाळ्यात साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक धरा.

पहिला फोन २० मिनिटांचाच. पगार, पत्रिका बायोडेटात आहेच; 'रविवारी दुपारी काय करता?' असं विचारा आणि उत्तरातलाच धागा पकडून पुढे जा. स्पीकर बंद ठेवा. घरचे ऐकताहेत हे आवाजावरून लगेच कळतं! फोन कट झाला तर ज्याने लावला त्यानेच पुन्हा लावायचा, नाहीतर दोघांनाही एंगेज लागतो. अहो-जाहो घाईने सोडू नका.

भेटीआधीच पैशांची अडचण सांगितली तर बोलणं थांबवा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) लावा.